चौथं शील

तुळसाबाईचा आवाज बसला हे निरवांगीत आधी विहाराला कळलं आणि घराला मागाहून.

दर रविवारी सकाळी आठला विहारात वंदना व्हायची. सुरुवात तुळसाबाई करायची आणि बाकीचे तिच्या आवाजाला धरून चालायचे. आवाज असा की पंचवीस वर्षांत तिच्यासाठी कुणाला कर्णा लावावा लागला नाही. घरात तिने सुनेला हाक मारली की पलीकडच्या आळीतल्या दोन सुना 'ओ' द्यायच्या. असा हा आवाज दिवाळीनंतर फाटला. आधी वाटलं थंडी बाधली. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेजारची छबूबाई तर मीठ-मिरच्या ओवाळून टाकायला घेऊन आली होती. तुळसाबाईने "आमच्यात न्हाय चालत तसलं" म्हणून तिला परत धाडलं. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, निम्मा ऊस कारखान्याला गेला, तरी आवाज काही जागेवर येईना.

तिचा मुलगा बुद्धघोष इंदापुरात सरकारी नोकरीला होता. एका शनिवारी त्याने आईला गाडीत घातलं आणि बारामतीला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, स्वरूपा नावाच्या, वयाने तुळसाबाईच्या सुनेएवढ्या. त्यांनी घशात कॅमेऱ्याची नळी घातली आणि पडद्यावर दाखवलं: आवाजाच्या एका पट्टीवर पांढरट चट्टा, आणि त्याच्या कडेला मोहरीएवढी गाठ.

"मिसरी लावता का आजी?"

"दातापुरती."

"मिसरी कधी दातापुरती राहत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग बुद्धघोषकडे वळल्या. "तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. पूर्ण भूल देऊन. सकाळी या, संध्याकाळी घरी. आवाज पहिल्यासारखा होईल की नाही, ते आत्ताच सांगता येणार नाही."

बुद्धघोषने भुलेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, बिलाचं विचारलं. तुळसाबाईने काहीच विचारलं नाही. तुकडा काढून तपासायचा, हे शब्द तिच्या ओळखीचे होते.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, गंगारामच्या, पोटातला तुकडा असाच पुण्याला तपासायला गेला होता. रिपोर्ट आला तेव्हा गंगाराम खाटेवर पडून होता. डॉक्टरांनी तुळसाबाईला आणि बुद्धघोषला व्हरांड्यात बोलावून घेतलं आणि सांगितलं, चार-सहा महिने. आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आजार ज्याचा त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायचा. शेजाऱ्याला कळतो, दूधवाल्याला कळतो, आणि पेशंट तेवढा साध्या गाठीवर भरवसा ठेवून पडून असतो. का, तर कळलं तर तो खचेल. तुळसाबाईने तिथंच पदराने तोंड पुसलं, "बापाला सांगायचं न्हाय," असा मुलाला दम भरला, आणि खालच्या दुकानातून पावशेर जिलबी घेऊन वर आली.

"काय म्हनले डागदर?" गंगारामने विचारलं.

"काय न्हाय. साधी गाठ हाय. गोळ्यांनी इरघळंल."

इतकं सरळ खोटं ती जन्मात बोलली नव्हती. आणि ते इतकं सोपं असतं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

हे एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण गंगारामला एक धाकटा भाऊ होता, कळंबचा लखन. दोघांची गायन पार्टी होती. गंगारामची पेटी, लखनची ढोलकी. एकदा सुप्याच्या कार्यक्रमात लखन पिऊन आला आणि ताल सोडून वाजवायला लागला. गंगारामने भरल्या मांडवात पेटी मिटली. "पंचशील म्हनतुयास आन ढोसून येतुयास?" असं म्हणून त्याला स्टेजवरून खाली उतरवलं. लखन गेला तो गेलाच; ढोलकी तेवढी गंगारामकडे राहिली. पुढे लखनने दारू कायमची सोडल्याचं कानावर आलं, पण आधी थोरल्याने जायचं की धाकट्याने, यावर तीन वर्षं घोडं अडून राहिलं.

आजारात गंगाराम मऊ झाला. बुद्धघोषला पाठवून त्याने ढोलकीला नव्या कातड्याची पुडी चढवून आणली. "बरा झालो की लखनकडं जाईन," म्हणायचा; शेवटी तर त्याने जायचा दिवसही ठरवला. तुळसाबाईच्या ओठांवर दहादा आलं की कशाला थांबता, आजच बोलावून घेऊ. पण लखन असा अवचित दारात उभा राहिला असता तर गंगारामने काय ते ओळखलं असतं. माणसं गोळा व्हायला लागली की पेशंटला कळतं. म्हणून एक खोटं झाकायला तिने दुसरं केलं: लखनला निरोपच धाडला नाही. एका शुक्रवारी पहाटे गंगाराम गेला. लखन मातीला आला, लांब उभा राहिला, "अचानक झालं" एवढं ऐकून घेतलं आणि तसाच परत गेला.

त्यानंतरच्या रविवारी तुळसाबाई वंदनेला उभी राहिली. पहिली तीन शीलं सरळ गेली. चौथं आलं, 'मुसावादा वेरमणी', मी खोटं बोलणार नाही, आणि तिची जीभ काही उचलेना. ती पुढे झाली आणि तिने बुद्धमूर्तीसमोरची मेणबत्ती सरळ केली. मेणबत्ती सरळच होती. तेवढ्यात लोकांनी ती ओळ म्हणून टाकली होती आणि पाचव्या शीलाला ती परत त्यांच्यात सामील झाली. तेव्हापासून अकरा वर्षं चौथ्या शीलाला तुळसाबाईला नेमकी मेणबत्ती वाकडी दिसायची. कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. सून ज्योत्स्ना तेवढी एकदा म्हणाली होती, "आईंना मेणबत्तीचं फार."

आणि आता घशालाच झालं. वर बसून शिक्षा करणारा कुणी नसतो, हे तुळसाबाई दुसऱ्यांना सांगायची, तिला ते पटलेलंही होतं. पण चोराच्या मनात चांदणं. मरणाची तिला मोठीशी भीती वाटत नव्हती. सदुसष्ट वर्षं झाली होती, नातवंडं पाहून झाली होती. भीती होती ती लखनला सांगायचं राहून जाण्याची. आवाज गेला तरी राहणार, आणि ती गेली तरी राहणार.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटेच निघाले. रात्री दहानंतर पाण्याचा थेंब घ्यायचा नव्हता. बारामतीचा रस्ता कळंबवरून जातो आणि रस्त्याला लागूनच लखनचं घर आहे, पुढं लिंबाचं झाड. अकरा वर्षं तिथून जाताना तुळसाबाई पलीकडच्या उसाकडे तोंड करून बसायची. त्या पहाटे तिने मान वळवली. पडवीत दिवा होता आणि कुणीतरी वाकून अंगण झाडत होतं. "गाडी थांबव," असं तिच्या मनात आलं, पण बुद्धघोष सात वाजता पोचायचं म्हणून घाईत होता. येताना बघू, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला किती सहज समजावतो.

हॉस्पिटलात बांगड्या काढल्या, चष्मा काढला, आणि मागून बंद बांधायचा एक झगा दिला. हा झगा ज्याने शिवला त्याने माणसाची पाठ कधी पाहिली नसावी. कागदावर बुद्धघोषने सही केली, मग तुळसाबाईने चष्मा परत मागून घेऊन आपलीही केली, पूर्ण नाव आणि आडनावासकट. ऑपरेशनच्या खोलीत गारठा होता. भूल देणारे डॉक्टर तरुण आणि बोलके होते.

"आजी, हलणारा दात आहे का एखादा?"

"एक हाय. पन त्यो मालक असल्यापास्नं हलतोय, पडत न्हाय."

"आज पडला तर आम्हाला बोल लावू नका," ते हसले. छातीला तारा चिकटवल्या, हाताच्या सुईतून काहीतरी गार आत जायला लागलं. "आता डोळे मिटा आणि देवाचं नाव घ्या."

"देव न्हाय आमच्यात. पंचशील म्हनू का?"

"म्हणा की."

तिने फाटक्या आवाजात सुरू केलं. पहिलं शील झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला डोक्यावरचा मोठा गोल दिवा लांब जायला लागला. चौथं आलं. इथं सरळ करायला मेणबत्ती नव्हती. तिने 'मु' एवढं म्हणायला ओठ जुळवले, आणि तिथंच तिला झोप लागली.

जाग आली ती कुणीतरी "आजी, डोळे उघडा," म्हणत गालावर थापटत होतं म्हणून. घसा आतून सोलल्यासारखा झाला होता आणि जीभ दुसऱ्या कुणाची तरी असावी इतकी जड. हलणारा दात जागेवर होता. ती काही बोलणार तेवढ्यात स्वरूपा डॉक्टरांनी तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

"आजी, ऐका. सात दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण पडतो. खाकरायचं नाही. तिखट नाही. आणि मिसरीची डबी घरी गेल्या गेल्या उकिरड्यावर."

"डॉक्टर, ही बातमी आमच्या गावाला खरी वाटणार न्हाय," बुद्धघोष म्हणाला. त्याचे डोळे मात्र हसत नव्हते. तुकडा तपासायला गेला होता आणि रिपोर्टला पाच-सहा दिवस लागणार होते.

येताना कळंब कधी मागं पडलं ते तुळसाबाईला कळलंच नाही. भुलेच्या गुंगीत ती घरापर्यंत झोपून होती.

ज्योत्स्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. तिने शाळेतून पाटी आणून दिली, आणि पेन्सिलींचा पुडा. तुळसाबाईने पहिल्या दिवशी लिहिलं, 'भात मऊ कर.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'मीठ कमी आहे.' तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'गोठ्याचं दार उघडं आहे, कुणाला दिसत नाही का?' आणि त्यात 'कुणाला'खाली दोन रेघा मारल्या. ज्योत्स्ना म्हणाली, आईंचा आवाज पाटीवरसुद्धा मोठाच आहे.

भेटायला माणसांची रीघ लागली. गंमत अशी की तुळसाबाईला बोलता येत नव्हतं, तर लोक तिला ऐकूही येत नाही असं धरून ओरडायचे. छबूबाई केळी घेऊन आली आणि कानाशी तोंड नेऊन गरजली, "तुळसाबाय! बरं वाटतंय का?" मग पलंगाच्या कडेवर टेकून तिने गळ्याच्या आजाराने गेलेल्या तीन माणसांची हकीकत सविस्तर सांगितली. "पन तुझं तसलं न्हाय हां," असं प्रत्येकाच्या शेवटी म्हणायला ती विसरली नाही. जन्मात पहिल्यांदाच तुळसाबाईला छबूबाईला मध्येच तोडता येत नव्हतं, आणि छबूबाईने त्याचं सोनं केलं.

दुपारी माणसं पांगली की घर शांत व्हायचं. तुळसाबाई ओसरीत पडून ऊन सरकताना बघायची. उसाच्या ट्रॉल्या जायच्या, वाफ घ्यायचं भांडं कोपऱ्यात निवायचं. तिला जे बोलायचं होतं ते पाटीवर लिहून बुद्धघोषकडून कळंबला पाठवता आलं असतं. तिने एकदा पेन्सिल हातात घेतलीही. पण तोंडाने केलेलं खोटं पाटीने कसं फिटायचं? ते तोंडानेच फिटायला हवं होतं, आणि तोंडाला कुलूप होतं. शिवाय गप्प बसल्यावर माणसाला फार ऐकू येतं. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात नवरा-बायको हळू बोलत असलेली तिने ऐकली. फोन वाजला की बुद्धघोष अंगणात जाऊन बोलायचा. अकरा वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच अंगणात जाऊन बोलायची.

सहाव्या दिवशी बुद्धघोष चार वाजताच घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. तो पुडा पाहिला आणि तुळसाबाईला ती पावशेर जिलबी आठवली.

"आई, रिपोर्ट आला," तो हसत म्हणाला. "काय न्हाय. साधी गाठ हाय."

तेच शब्द, त्याच क्रमाने. तिनेच त्या व्हरांड्यात मुलाला हे शिकवलं होतं. खाण तशी माती, तो तरी दुसरं काय बोलणार?

"कॅन्सर न्हाय म्हणून स्पष्ट लिहिलंय, हे बघ." त्याने इंग्रजी कागद तिच्यापुढे धरला. "फक्त मिसरी बंद आणि तीन महिन्यांनी परत दाखवायचं."

गंगारामलाही परत दाखवायला सांगितलं होतं. कागदही त्याला दाखवला होता. रक्ताच्या साध्या तपासणीचा कागद, तुळसाबाईनेच. तिने पाटी ओढली. 'खरं सांग.'

"खरंच सांगतोय आई."

'तुझ्या बापाला मी हेच म्हणाले होते.'

बुद्धघोषने ते वाचलं आणि त्याच्या हातातला पुडा खाली आला. तो तिच्याजवळ बसला. "तवाचं येगळं व्हतं गं," एवढंच त्याला सुचलं. ज्योत्स्ना दारात येऊन म्हणाली, "आई, मी स्वतः वाचलाय रिपोर्ट." पण सुनेने वाचलं याला काय अर्थ? सून मुलाच्या बाजूची. डॉक्टरांना फोन लावू म्हणाला, तर डॉक्टर सगळ्यांच्या आधी सामील असतात. खोटं सांगून माणसाला सुखात ठेवायची ही आपली रीत इतकी पक्की आहे की खरं सांगायची वेळ आली तर सांगणाऱ्याकडे पुरावाच उरत नाही. बुद्धघोषच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते आनंदाचं होतं की कशाचं, हेही तिला ओळखता येईना.

तिने पाटी पुसली. मग तिने लिहिलं, 'पंचशील म्हण.'

"आत्ता?"

तिने होकारार्थी मान हलवली. बुद्धघोषला वाटलं, आईला बरं वाटलंय, तिला वंदना ऐकायचीय. त्याने पायातले मोजे काढले, हात जोडले आणि डोळे मिटून सुरू केलं. तुळसाबाईने डोळे मिटले नाहीत. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. खोटं पोटात ठेवून ती ओळ तोंडातून निघत नाही, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाणातिपाता झालं. अदिन्नादाना झालं. तिसरं झालं. तिने पलंगाची कड घट्ट धरली.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," बुद्धघोष म्हणाला. शाळेत पाढा म्हणावा तसा, अडखळला नाही, घसा खाकरला नाही, मान खाली घातली नाही. पाचवं म्हणून त्याने डोळे उघडले. तिने बोट वर केलं: पुन्हा.

त्याने पुन्हा म्हटलं. चौथी ओळ पुन्हा तशीच आली, स्वच्छ.

तुळसाबाईने मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती रडायला लागली. आवाज न करता रडायचं होतं, तेही अवघडच. ज्योत्स्ना घाबरून "आई, घशाला ताण, घशाला ताण," म्हणत पाणी आणायला धावली. मग अर्धा पेढा दुधात कालवून तुळसाबाईने खाल्ला. कॅन्सर नव्हता. ती जगणार होती. तिला इतकं हलकं वाटलं की त्या संध्याकाळी तिने 'मीठ कमी आहे' हेसुद्धा लिहिलं नाही.

दिवेलागणीला ज्योत्स्ना तिच्याजवळ बसली. "आई, परवा डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिलं काय बोलणार?"

तुळसाबाईने हसत पाटी घेतली आणि झरझर लिहिलं, 'बरी झाले की लखनभावजींकडे जाईन.'

लिहिलं आणि तिचं तिनेच वाचलं. हे अक्षर तिचं होतं, पण वाक्य गंगारामचं होतं. आता तर तिला घाई नव्हती. रिपोर्ट चांगला होता, मरण लांब होतं, आणि उन्हाळ्यात गेलं काय, दिवाळीला गेलं काय, कुणी विचारणार नव्हतं. तिने तळहाताने पाटी पुसली. ओल्या पदराने परत एकदा पुसली. मग लिहिलं, 'परवा.'

परवाच्या दिवशी सकाळी गाडीत बसायच्या आधी तिने भिंतीवरची ढोलकी उतरवायला लावली. अकरा वर्षं ती जुन्या चादरीत गुंडाळून टांगलेली होती. "ही कशाला दवाखान्यात?" बुद्धघोषने विचारलं. तिने पाटीवर लिहिलं, 'लागेल.' सरकारी नोकरीतल्या माणसाला लेखी हुकूम आला की तो जास्त विचारत नाही.

बारामतीत स्वरूपा डॉक्टरांनी कॅमेऱ्याने घसा पाहिला. जखम छान भरली होती. रिपोर्टचंही त्यांनी परत सांगितलं, आणि या वेळी तुळसाबाईने मान डोलवत ऐकून घेतलं. "आता बोला आजी. हळू, आणि दिवसाला पाच-दहा मिनिटंच. 'ई' म्हणून दाखवा."

तुळसाबाईने नकारार्थी मान हलवली. पाटीवर लिहिलं, 'इथं नाही.'

डॉक्टरांनी बुद्धघोषकडे पाहिलं. बुद्धघोषने खांदे उडवले. "डॉक्टर, तिला मुहूर्त काढायचा असंल," असं तो म्हणाला, पण मुहूर्तही आपल्यात नसतो हे आठवून गप्प झाला.

परतताना कळंब आलं तसा तुळसाबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबली. लखन अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग उतरणाऱ्या वहिनीकडे, आणि हातातला डहाळा तसाच धरून उभा राहिला. त्याचे केस सगळे पांढरे झाले होते. वळून उभं राहण्याची लकब मात्र गंगारामची होती.

"वैनी," तो म्हणाला. "आवाज गेला म्हनत्यात तुमचा."

"आलाय," तुळसाबाई म्हणाली. आठ दिवसांनी आलेला तो आवाज बारीक होता, पण फाटका नव्हता. बुद्धघोष मागं दचकला. "भावजी, मला पाच मिंटं बोलाय दिल्यात. मधी बोलू नगासा."

आणि तिने सांगितलं. व्हरांड्यातलं सांगितलं, जिलबीचं सांगितलं. गंगारामने दोनदा विचारलं आणि तिने दोन्ही वेळा साधी गाठ म्हटलं, ते सांगितलं. "तुमी दारात दिसला असता तर त्यांनी वळखलं असतं. म्हनून मीच निरोप धाडला न्हाय. अचानक न्हवतं झालं, भावजी. पाच म्हैनं व्हतं. मी तुमाला पाच म्हैनं लांब ठिवलं."

 लखनने डहाळा शेळीपुढे टाकला. "मला वाटत व्हतं," तो म्हणाला, "मरताना बी त्याला माजं तोंड बघायचं न्हवतं. अकरा वरसं म्या हेच धरून बसलोय." मग त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "लई वाईट केलंसा वैनी."

"व्हय," तुळसाबाई म्हणाली. "वाईट केलं."

तिने चादर सोडली. ढोलकी बघून लखनचे हात आपोआप पुढे आले. त्याने पुडीवरून अंगठा फिरवला. "ही माजी पुडी न्हवं."

"त्यांनी नवी चढवून आनली. तुमच्याकडं यायचं म्हनून. दिवस बी ठरीवला व्हता. रविवारी वंदना झाली की गाडी करून जाऊ, म्हनले. रविवारी लखन घरी असतो." ती थांबली. "शुक्कीरवारी गेले."

लखन ढोलकी मांडीवर घेऊन पडवीच्या कडेला बसला. त्याने कड्या सरकवून पाहिल्या. दोरी सैल पडली होती. एक कडी सरकली, दुसरी सरकेना.

"व्हतो मी," तो म्हणाला. "रविवारी मी घरीच व्हतो."

तुळसाबाई त्याच्याशेजारी टेकली. बुद्धघोषने घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं होऊन गेली होती. त्यांना तिथं आणखी तासभर कुणी उठा म्हणालं नाही.

त्या रविवारी विहारात वंदना ज्योत्स्नाने सांगितली. डॉक्टरांनी एवढं बोलायला मनाई केली आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. लखन शेवटच्या रांगेत बसला होता, ढोलकी त्याने बाजूला चपलांपासून लांब ठेवली होती. ज्योत्स्नाने पहिलं शील म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. तुळसाबाई हात जोडून गप्प उभी होती. चौथ्याला मात्र तिने सुनेच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं आणि ती ओळ एकटीने, हळू, शेवटपर्यंत म्हटली. बुद्धमूर्तीसमोरची मेणबत्ती त्या दिवशी खरंच वाकडी झाली होती. तिने ती तशीच राहू दिली.